मुक्काम कुठे करावा?

निडीच्या आमच्या वाडीतले एक काका रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे राबून निवृत्त झाले. काकींनी जन्मभर भाताची लावणी-कापणी केली. त्यांची मुलगी शिकली आणि आज स्वीडनमध्ये नोकरी करते. तिने आई-वडिलांना निरोप धाडला, "जूनमध्ये या. आठ दिवस स्वीडन-नॉर्वे फिरू. राहायचे कुठे ते तुम्हीच ठरवा." वाडीत कोणाचाही अर्ज भरायचा झाला की तो माझ्याकडे येतो. त्यामुळे रविवारी संध्याकाळी मोबाइलमधली हॉटेलांची चित्रे घेऊन दोघे माझ्या ओट्यावर येऊन बसले.

पहिले चित्र बर्फाच्या हॉटेलचे. स्वीडनच्या उत्तरेला युकासयार्वी नावाचे गाव आहे. तिथे टोर्ने नदीतला बर्फ कापून दर हिवाळ्यात नव्या खोल्या बांधतात. वसंत ऋतू आला की त्या वितळतात आणि पाणी पुन्हा नदीला मिळते. आत थंडी शून्याखाली पाच ते आठ अंश. पलंगही बर्फाचा, वर रेनडिअरचे कातडे. काका हसले, "बॉयलरपुढे आयुष्य काढलेला माणूस मी. सकाळी मला छिन्नीने सोडवावे लागेल!"

दुसरे चित्र फिनलंडच्या लॅपलंडमधले. काचेच्या छपराखाली पडून आकाशातला हिरवा ध्रुवीय प्रकाश पाहायचा. पण तो प्रकाश दिसतो साधारण सप्टेंबर ते मार्चच्या काळ्या रात्रींत. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही. भलीमोठी रक्कम मोजून उजेडात टक्क जागे राहायचे! म्हणून वाचकहो, पहिली गोष्ट ही, की आधी ऋतू ठरवावा, मग हॉटेल.

तिसरे चित्र नॉर्वेतल्या गायरांगर फ्योर्डचे. फ्योर्ड म्हणजे डोंगरात खोल शिरलेली समुद्राची खाडी. आपल्या कुंडलिकेची खाडी डोळ्यांपुढे आणा आणि दोन्ही बाजूंना हजार मीटरहून उंच कडे उभे करा. २००५ पासून हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे. काठावरची हॉटेले देखणी, पण महाग. त्यापेक्षा तिकडची वसतिगृहे बरी. सामाईक स्वयंपाकघरात आपला भात आपण शिजवता येतो. चादर-उशीच्या खोळीचे पैसे अनेक ठिकाणी वेगळे पडतात, ते आधी विचारावे. व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा आणि किमान ३० हजार युरोचा प्रवास-वैद्यकीय विमा लागतो. म्हणून जागा लवकर ठरवावी, पण रद्द करता येईल अशीच घ्यावी.

इतका वेळ काकी गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, "भाऊ, तिकडे आडनाव बघून खोली देतात का?"

काका खाली बघू लागले. काकींनी सांगितले ते असे. १९८४ साली मुलाच्या दुखण्यासाठी त्यांना परगावी जावे लागले. रात्र झाली, म्हणून एका लॉजमध्ये गेले. मालकाने गाव विचारले, आडनाव विचारले आणि म्हणाला, "जागा नाही." त्याच्या मागे भिंतीवर खिळ्यांना किल्ल्या टांगलेल्या होत्या. "मी मोजल्या, सात होत्या," काकी म्हणाल्या. ती रात्र तापाने फणफणलेले पोर मांडीवर घेऊन एस.टी. स्टँडवर काढली.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव धारण करून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पुढे त्यांनी ही हकिकत लिहिली, त्या लिखाणाचे नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. संविधानाच्या १५ व्या कलमात हॉटेलांचा उल्लेख आहे तो उगाच नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणाने हॉटेल वा धर्मशाळेत प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे. १९८४ साली कायदा होता, पण काका-काकींना तो सांगणारे कोणी नव्हते.

मी त्यांना चौथे चित्र दाखवले. नॉर्वेत १८६८ साली स्थापन झालेला एक पर्यटन संघ आहे. डोंगरांत त्याच्या पाचशेहून अधिक झोपड्या आहेत. अनेक झोपड्यांवर राखणदारच नसतो. सभासदाला एक किल्ली मिळते, तीच बहुतेक कुलपांना चालते. काही झोपड्यांत कोठी भरलेली असते. जे खाल त्याचा हिशेब स्वतः लिहायचा, पैसे स्वतः भरायचे. निघताना भांडी घासायची, केर काढायचा, पुढे येणाऱ्यासाठी सरपण ठेवायचे. शिवाय १९५७ च्या कायद्याने तिथे कोणालाही मोकळ्या रानात, वस्तीच्या घरापासून १५० मीटर दूर, तंबू ठोकता येतो.

तो देश म्हणजे स्वर्ग, असे मी म्हणत नाही. तिथल्या सामी लोकांची भाषा आणि संस्कृती सरकारनेच दडपली होती. त्याबद्दल राजे हाराल्ड यांनी १९९७ मध्ये माफी मागितली. अन्याय तिथेही झाला, पण तो कबूल केला गेला.

शेवटी ठरले असे : सहा रात्री वसतिगृहात आणि दोन रात्री झोपडीत. झोपडी मात्र फार चढ नसलेली, कारण काकांचे गुडघे दुखतात.

उठताना काकींनी विचारले, "भाऊ, ती किल्ली माझ्या हातात देतील ना?"

"मुलगी सभासद होईल, काकी. किल्ली तुमच्याच पदराला बांधा."

बंधू-भगिनींनो, सहल नॉर्वेची असो वा अजिंठ्याची, ऋतू पाहा, खर्च पाहा, स्वयंपाकघर पाहा. आणि कोणी आडनाव विचारून 'जागा नाही' म्हणाले तर मुकाट्याने स्टँडवर जाऊ नका. पोलीस ठाण्यात जा. कायदा आपल्या बाजूने आहे.