ख्रिस्ती धर्म, देशसेवा आणि मिठाचा गुण

कोणत्याही धर्माची परीक्षा त्याच्या ग्रंथांवरून करावी की त्याच्या अनुयायांच्या आचरणावरून, हा वाद फार जुना आहे. शास्त्रीपंडितांनी तो ग्रंथांवरून खुशाल लढवावा. परंतु ज्यांस रोज पेठेत बसून माणसे ओळखावी लागतात, त्या आमच्या व्यापारी वाचकांस दुसराच मार्ग अधिक परिचयाचा आहे. पेढीवरील पाटी कितीही मोठी असो, पत ठरते ती वायदा पाळण्यावरून. हाच न्याय आज आम्ही आपल्या प्रांतातील ख्रिस्ती धर्मास लावून पाहणार आहो. ह्या धर्माविषयी आमच्या लोकांत दोन समज रूढ आहेत. तो परक्या राज्यकर्त्यांच्या छायेत वाढला, सबब तो स्वीकारणारा मनुष्य देशास पारखा होतो, हा एक. आणि त्याच्या शाळा-दवाखान्यांमागे बाटविण्याखेरीज दुसरा हेतू नसतो, हा दुसरा. दोहोंचीही शहानिशा पुराव्यानिशी झाली पाहिजे.

ख्रिस्ताने आपल्या शिष्यांस मिठाची उपमा दिली, हे बहुश्रुत वाचकांस ठाऊक असेलच. मीठ बरणीत झाकून ठेवले तर अन्नास त्याचा उपयोग नाही. आणि त्याचा खारटपणाच गेला तर ते अन्नात घालण्यात अर्थ नाही. मिसळावे, परंतु गुण सोडू नये, हे ते मर्म होय. आता हे मर्म कोणी आचरून दाखविले काय, ते पाहू.

सोलापुराहून पुण्यास जाताना दौंड मागे पडल्यावर केडगाव स्टेशन लागते. तेथील मुक्तिसदन पंडिता रमाबाईंनी उभारले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने व त्याहूनही वाईट संकटांनी घेरलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्या मुलींस त्यांनी नुसते अन्न दिले नाही. शेती, विणकाम, छापखान्याचे काम शिकवून स्वतःच्या पायावर उभे केले. ह्या बाई 1883 साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. म्हणून त्या देशास पारख्या झाल्या काय? विलायतेतही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि तेथील धर्मगुरूंनी सांगितले ते निमूटपणे मान्य करण्यासही त्या तयार झाल्या नाहीत. 1889 च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधी होत्या, त्यांत त्या होत्या. 1897 साली प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यात स्त्रियांचे जे हाल झाले, त्यांविषयी त्यांनी वर्तमानपत्रातून सरकारवर उघड टीका केली. राज्यकर्त्यांचा धर्म तोच आपला, एवढ्यावरून त्यांनी राज्यकर्त्यांची भीड धरली नाही.

नारायण वामन टिळकांचा दाखलाही असाच आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या कवीने ख्रिस्तभक्तीस अभंग-कीर्तनाचे मराठी रूप दिले, आणि 1917 साली मिशनच्या चाकरीतून मोकळे होऊन साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्त हवा, परंतु त्याबरोबर युरोपीय थाट नको, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सोवळ्याओवळ्याचे बंध आपल्या मनातून कसे सुटत गेले ते जितक्या सरळपणे सांगितले आहे, तितके सुधारणेवरील शंभर व्याख्यानांतही सापडणार नाही.

परंतु विरुद्ध बाजूचा पुरावाही नोंदविला पाहिजे. एकतर्फी निकाल देणे आमच्या पेशास शोभत नाही. 1893 साली रमाबाईंच्या शारदासदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत असा बोभाटा झाला, आणि रानडे व भांडारकर ह्यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील असे समजून ज्या पालकांनी मुली धाडल्या, त्यांची तक्रार निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. घटनेच्या 25 व्या कलमाने धर्म पाळण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सर्वांस दिले आहे, आणि ते आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु भाकरीच्या मोबदल्यात श्रद्धा मागणे ह्यास सेवा म्हणत नाहीत, सौदा म्हणतात. हा नियम मिशनरी, मठपती व निवडणुकीचा उमेदवार ह्या तिघांसही सारखाच लागू आहे.

सौद्याविना सेवा कशी असते ते पाहावयाचे असल्यास बार्शीच्या पलीकडे जामखेडास जावे. रजनीकांत व मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य वेलोरला वैद्यक शिकले. मिशनच्या रुग्णालयात काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, तेच रोगी त्याच टाळता येण्याजोग्या रोगांनी पुनःपुन्हा येतात. तेव्हा 1970 साली त्यांनी जामखेडच्या दुष्काळी मुलखात काम आरंभिले. प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक स्त्री निवडावी आणि तिला आरोग्याचे शिक्षण द्यावे, ही त्यांची पद्धत. ह्या स्त्रियांपैकी पुष्कळ निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्याच सुरक्षित बाळंतपण करू लागल्या, हगवणीत पोराला साखर-मिठाचे पाणी पाजावयास शिकवू लागल्या, आणि जिच्या सावलीचा विटाळ मानला जाई, तिला सवर्णांच्या माजघरातून बोलावणे येऊ लागले. पाण्यासाठी विंधनविहिरी घेतल्या त्या दलित वस्तीत. तहानलेल्या गावास तेथे घागर घेऊन जाणे भाग पडले. 1979 साली ह्या उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि देशोदेशींचे लोक ही पद्धत शिकण्यास जामखेडास येऊ लागले. मेबलबाई 1999 साली व रजनीकांत 2011 साली निवर्तले. आपण हे कोणत्या श्रद्धेने करतो ते त्यांनी कधी लपविले नाही. आणि ती श्रद्धा स्वीकारण्याची अट त्यांनी औषधाच्या पुडीत बांधली नाही.

आमच्या ख्रिस्ती बंधूंस ह्या प्रसंगी दोन शब्द सांगितल्यास ते राग मानणार नाहीत अशी आशा आहे. तुमच्यातही सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारली जाते. जेथे ती विचारली जाते तेथे मिठाचा खारटपणा गेला, असे तुमच्याच शास्त्राप्रमाणे म्हणावे लागेल. परंतु ह्यावरून हिंदूंनी हसण्याचे कारण नाही. ती जात त्यांनी आमच्याच घरून नेली आहे. शिवाय 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शीख व 1990 साली बौद्ध त्यांत आले, परंतु ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच राहिला. गावाच्या दृष्टीने त्याची जात गेली नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने मात्र ती गेली, हा न्याय आम्हांस चमत्कारिक वाटतो.

सोलापूरकरांस ह्या विषयात परके असे काही नाही. सिद्धरामेश्वरांचे स्मरण हे शहर तळ्याच्या काठी करते. त्या पुरुषाची भक्ती लोकांस पाणी देण्यात प्रकट झाली, अशीच आपली परंपरा सांगते. 12 जानेवारी 1931 रोजी ह्या शहराचे जे चार हुतात्मे येरवड्यास फासावर गेले, त्यांत कुर्बान हुसेन होते व श्रीकिसन सारडाही होते. देशभक्तीचा दाखला धर्मावरून देऊ नये, हे आम्ही त्याच दिवशी शिकावयास हवे होते.

तेव्हा आमची सूचना अगदी साधी आहे. शहरातील देवस्थाने, धर्मादाय निधी, मशिदी व चर्च ह्यांच्या चालकांनी एकत्र बसून, गिरणगावच्या व विडी कामगारांच्या वस्त्यांतून प्रत्येकी एक स्त्री निवडावी, जामखेडच्या पद्धतीने तिला आरोग्याचे शिक्षण द्यावे, आणि तिचा वर्षाचा खर्च पेठेने उचलावा. कोणाच्या धर्मात किती मीठ आहे, ह्याचा निर्णय त्या वस्तीतील बाया करतील. वर्गणीच्या यादीत पहिले नाव कोणाचे पडते, तेवढे आम्हांस पाहावयाचे आहे.