काचबिंदू : कडेची नजर जाते, पण कळत नाही

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जुळी वाटली तरी हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते, नजर धूसर होते आणि शस्त्रक्रियेनंतर ती बहुधा परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नसच हळूहळू वाळत जाते. ती एकदा वाळली की गेलेली नजर कोणत्याही औषधाने, चष्म्याने वा शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदूचा रुग्ण 'दिसत नाही' म्हणून स्वतःहून दवाखान्यात येतो. काचबिंदूच्या रुग्णाला मात्र आपले काही बिघडले आहे हेच ठाऊक नसते.

भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला. दक्षिण भारतातील खेड्यापाड्यांत झालेल्या पाहण्यांत ज्यांच्यात हा आजार सापडला, त्यांपैकी दहात नऊहून अधिक जणांना तोपर्यंत त्याचा पत्ताही नव्हता.

नस का वाळते?

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून निचरून जातो. हा निचरा तुंबला की डोळ्यातील दाब वाढतो. हा दाब साधारणपणे १० ते २१ मि.मी. पारा इतका असतो. वाढलेल्या दाबाचा ताण मागच्या नसेवर पडतो. या नसेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात आणि ते एकेक करून निकामी होऊ लागतात. काही जणांत दाब २१ च्या आत असूनही नस वाळते. म्हणून नुसता दाब मोजून 'काचबिंदू नाही' असे म्हणता येत नाही, नसही पाहावी लागते. डोळ्याच्या दाबाचा रक्तदाबाशी थेट संबंध नाही. रक्तदाब ठीक आहे म्हणून डोळ्याचा दाबही ठीक असेल, असे समजू नये.

घरच्या घरी करून पाहा

नजर जाऊनही माणसाला कळत कसे नाही, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. पांढऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे ८ सें.मी. अंतरावर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा हाताने झाका आणि उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा. आता कागद हळूहळू जवळ-दूर करा. सुमारे एक फुटाच्या अंतरावर ठिपका एकदम नाहीसा होईल.

प्रत्येक निरोगी डोळ्यात असा एक आंधळा भाग असतो. नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तरीही आपल्याला तिथे काळे भोक दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा कोरा कागद तिथे भरून टाकतो. काचबिंदूत नेमके हेच घडते, फक्त हे आंधळे भाग नवे असतात आणि वाढत जातात. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, ते वेगळेच. २०१३ साली इंग्लंडमधील संशोधकांनी ५० रुग्णांना निरनिराळी चित्रे दाखवून 'तुम्हाला कसे दिसते' असे विचारले. काळे डाग किंवा काळ्या बोगद्याचे चित्र एकानेही निवडले नाही. बहुतेकांनी काही भाग अस्पष्ट होतो किंवा वस्तू गायबच होतात असे सांगितले.

म्हणजे 'डोळ्यापुढे अंधारी आली की दाखवू' असे म्हणणाऱ्याला ती वेळ फार उशिरा येते.

नजर कोणत्या क्रमाने जाते?

सुरुवातीला मधली नजर शाबूत असते. रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो, पोथी वाचतो, सुईत दोरा ओवतो. नुकसान होते ते मध्यापासून थोडे बाजूला, बहुधा नाकाच्या बाजूस. तेथे कमानीच्या आकाराचा पट्टा मंदावतो. पुढे वरची व खालची कमान मिळून कडे तयार होते आणि नजर आत आत आक्रसत जाते. शेवटी नळीतून पाहावे तसे मधले तेवढे दिसते आणि उपचार नसेल तर तेही जाते.

खालचा भाग गेला की जिन्याची पायरी चुकते, उंबऱ्याला ठेच लागते. बाजूचा भाग गेला की रस्ता ओलांडताना कडेने आलेली सायकल दिसत नाही. घरचे म्हणतात, 'वय झाले, लक्ष नसते.' प्रत्यक्षात ते नजरेचे दुखणे असू शकते. वाहन चालवणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे.

फील्ड टेस्ट म्हणजे काय?

नजरेचा हा विस्तार, म्हणजे दृष्टिक्षेत्र, मोजण्यासाठी पेरिमेट्री नावाची तपासणी असते. दवाखान्यात तिला 'फील्ड टेस्ट' म्हणतात. एक डोळा झाकून रुग्णाला पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे बसवतात. समोरच्या खुणेवर नजर स्थिर ठेवायची आणि कडेला कुठेही बारीक प्रकाश लुकलुकला की हातातील बटण दाबायचे. यंत्र मुद्दाम अगदी मंद प्रकाशही दाखवते. त्यामुळे निरोगी माणसालाही बरेच ठिपके दिसत नाहीत. घाबरून उगाच बटण दाबत राहू नये, त्याने तपासणी बिघडते.

पहिली तपासणी पुष्कळदा नीट येत नाही, कारण रुग्णाला सवय नसते. थकवा, झोप, पापणी खाली येणे यांनीही फरक पडतो. म्हणून एका कागदावरून आजार वाढला असे ठरवत नाहीत. नव्या रुग्णाची पहिल्या दोन वर्षांत शक्यतो सहा वेळा तपासणी व्हावी, असे तज्ज्ञ सुचवतात. त्यावरून नजर कोणत्या वेगाने कमी होते ते समजते. वयाच्या ७८ व्या वर्षी अगदी संथ काचबिंदू असलेल्याला कदाचित जन्मभर त्रास होणार नाही. पण पन्नाशीतल्या माणसात तो वेगाने वाढत असेल तर उपचार जोरात करावे लागतात.

येथे रुग्णाच्या हातात एक मोठी गोष्ट आहे. ती म्हणजे जुने कागद. आजार वाढला की थांबला हे जुन्या आणि नव्या तक्त्यांच्या तुलनेवरूनच कळते. गाव बदलले, डॉक्टर बदलले, तरी पहिल्या दिवसापासूनचे सर्व कागद एका पिशवीत जपून ठेवा.

औषधाने फायदा होतो का?

होतो, पण तो डोळ्यांना जाणवत नाही. स्वीडनमध्ये सुरुवातीचा काचबिंदू असलेल्या २५५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. उपचार न दिलेल्यांपैकी ६२ टक्के रुग्णांत आजार वाढला, उपचार दिलेल्यांत हे प्रमाण ४५ टक्के होते. दाब जितका कमी झाला तितका धोका कमी झाला. दाबाच्या प्रत्येक एका मि.मी. मागे सुमारे १० टक्के. उपचार घेऊनही काहींचा आजार वाढतो, हेही यातून दिसते. म्हणून थेंब सुरू झाले की तपासणी संपली असे होत नाही.

थेंब घालून नजर सुधारत नाही, म्हणून दोन बाटल्या संपल्या की औषध सोडणारे पुष्कळ असतात. त्यांनी समजून घ्यावे की हे थेंब गेलेले परत आणण्यासाठी नसून उरलेले राखण्यासाठी असतात. मधुमेहाच्या गोळीप्रमाणे ते रोज, ठरल्या वेळी घालावेत. एक थेंब पुरतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरावा. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. दमा किंवा हृदयाचा त्रास असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण टिमोलॉलसारखे थेंब अशा रुग्णांना घातक ठरू शकतात. थेंबांनी दाब आटोक्यात येत नसेल तर लेसर किंवा शस्त्रक्रिया करतात.

तातडीने धावण्याची वेळ

काचबिंदूचा एक प्रकार अचानक येतो. डोळा लाल होऊन भयंकर दुखतो, डोके ठणकते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. पित्त समजून घरी बसू नये. काही तासांत उपचार न झाल्यास डोळा जाऊ शकतो. 'मोतीबिंदू पिकू द्या' हा जुना सल्लाही सोडून द्यावा, अति पिकलेल्या मोतीबिंदूनेही डोळ्यातील दाब वाढतो.

तपासणी कोणी करावी?

वयाची चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा तरी डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यावी. आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, मधुमेह असेल, चष्म्याचा मोठा नंबर असेल किंवा डोळ्याला मार लागला असेल, तर टाळाटाळ करूच नये. डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉईडचे थेंब आणून महिनोन् महिने घालणाऱ्यांनाही हा धोका असतो, आणि त्यांत तरुण मुलेही येतात.

ज्या घरात एकाला काचबिंदू निघाला, त्या घरातील भावंडे आणि मोठी मुले यांनी त्याच महिन्यात डोळे दाखवावेत. रुग्णाची गेलेली नजर आणता येत नाही, पण त्याच्या भावाची, मुलीची अजून न गेलेली नजर वाचवता येते.