बिनआरशाचा कॅमेरा आणि बेताची कमाई



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून कॅमेऱ्याच्या खरेदीसंबंधी बोलणे काहींना चमत्कारिक वाटेल. पण ज्याच्या हाती महिन्याचा पगार मोजून येतो, त्याच्या घरी कॅमेरा येतो तो बहुधा हप्त्यानेच. जाहिरातीतील कोणता आकडा खरोखर काम करतो आणि कोणता नुसता मिरवतो हे त्याला कळले नाही, तर हप्ते चालू राहतात आणि चित्र मात्र हाती लागत नाही. घरातील नित्याची छायाचित्रे आणि मैदानावरील धावपळ ही दोन्ही कामे बेताच्या किमतीच्या कॅमेऱ्याने होतात काय, एवढाच प्रश्न आज आपण घेऊ.

प्रथम ‘बिनआरशाचा’, म्हणजे ज्याला बाजारात ‘मिररलेस’ म्हणतात तो कॅमेरा म्हणजे काय, ते पाहू. जुन्या धाटणीच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर फेकतो आणि आपल्याला दृश्य दिसते. बटण दाबले की आरसा उचलला जातो, प्रकाश मागे जातो आणि चित्र उमटते. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात हा आरसा काढूनच टाकला आहे. प्रकाश सतत सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसते तेच डोळ्यापुढच्या चिमुकल्या पडद्यावर दिसते. लेन्स बदलता येणारा या पद्धतीचा पॅनासोनिकचा जी-१ हा कॅमेरा २००८ साली आला. आरसा गेल्यामुळे कॅमेरा आटोपशीर झाला; पण पडदा आणि सेन्सर सतत चालू राहत असल्याने बॅटरी लवकर संपू लागली. फायद्याबरोबर हा तोटाही हिशेबात धरला पाहिजे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. सोनी कंपनीचा ‘आल्फा ६०००’ हा कॅमेरा २०१४ साली निघाला. अमेरिकेत त्या वेळी नुसत्या बॉडीची किंमत सुमारे ६५० डॉलर होती आणि सोबतच्या लेन्ससह सुमारे ८०० डॉलर. बेताच्या किमतीत धावते चित्र टिपणारा कॅमेरा म्हणून त्याचा बोलबाला झाला. बॅटरी व कार्ड धरून वजन ३४४ ग्रॅम. सेन्सर २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, त्यावर २ कोटी ४३ लाख बिंदू. फोकस साधण्यासाठी १७९ ठिकाणे, आणि सेकंदाला ११ चित्रे. हा शेवटचा आकडाच जाहिरातीत ठळक अक्षरांत झळकला.

यातील १७९ ठिकाणांचे मोल खरे आहे. साधा कॅमेरा लेन्स पुढेमागे करून, चित्र कोठे स्पष्ट होते हे चाचपडत शोधतो. या ठिकाणी मात्र लेन्सच्या एका बाजूने आलेला प्रकाश दुसऱ्या बाजूच्या प्रकाशाशी ताडून पाहिला जातो. त्यामुळे लेन्स कोणत्या दिशेला आणि किती फिरवावयाची, हे कॅमेऱ्याला आधीच कळते. अंगावर धावत येणाऱ्या माणसावर फोकस टिकवावयाचा तर ही सोय हवीच.

पण सेकंदाला ११ चित्रे, या आकड्याची जरा झडती घेऊ. बंदिस्त सभागृहात, दिव्यांखाली कबड्डीचा सामना चालू आहे. चढाई करणाऱ्या गड्याचा हात सेकंदाला ५ मीटर वेगाने जातो असे धरा. ११ चित्रे म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे ९ शतांश सेकंदाचे अंतर. तेवढ्यात तो हात ४५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. स्पर्श नेमका त्या फटीतही होऊ शकतो. शिवाय पूर्ण वेगाने मोठ्या आकाराची जेपीईजी चित्रे घेतली, तर सुमारे ५० चित्रांनंतर कॅमेऱ्याची धाप लागते. म्हणजे साडेचार सेकंदांत! संस्कार न केलेली कच्ची चित्रे घेतली तर २ सेकंदांतच. तात्पर्य, बटण नुसते दाबून धरणे हे खेळ जाणणाऱ्या डोळ्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात तो हात ८ सेंटिमीटर सरकतो आणि चित्रात त्याचा फराटा उमटतो. पाचशेवा भाग उघडे ठेविले तर हात एकच सेंटिमीटर सरकतो. चित्र कामाचे होते. पण मग प्रकाशही सुमारे एक अष्टमांशच मिळतो. तो भरून कोठून काढावयाचा? सोबत येणारी १६-५० मिलिमीटरची लेन्स लांब टोकाला ५.६ एवढीच उघडते. हा आकडा जितका लहान तितके लेन्सचे तोंड मोठे. त्याच कंपनीची ५० मिलिमीटरची लेन्स १.८ पर्यंत उघडते आणि तिच्यातून सुमारे दहापट प्रकाश येतो. शटरने काढून घेतलेला प्रकाश ती पुरता परत करते. ती नसेल, तर आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदकता वाढवावी लागते आणि चित्रात दाणे उठतात. नाहीतर सेकंदाला ११ फराटे गोळा करीत बसावे लागते. दोष बॉडीचा नसतो. पैसा चुकीच्या जागी खर्च झालेला असतो.

म्हणून माझे सांगणे असे, की बॉडी जुनी घ्या, पण लेन्स कामाची घ्या. याच घराण्यात २०१९ साली ‘आल्फा ६४००’ आला. त्यात फोकसची ठिकाणे ४२५ झाली आणि माणसाचा चेहरा व डोळा धरून ठेवण्याची हातोटी बरीच सुधारली. सेकंदाला चित्रे मात्र ११ च राहिली, आणि हात हलल्याचा दोष बॉडीतच सावरण्याची सोय त्यातही नव्हती. जुन्या कॅमेऱ्याने भागत असेल, तर वाचलेला पैसा लेन्सकडे वळवावा. उन्हात क्रिकेट टिपावयाचे असेल तर ५५-२१० मिलिमीटरची लांब लेन्स चालेल. तीच संध्याकाळच्या कबड्डीला अपुरी पडेल. आधी काम ठरवावे, मग लेन्स, आणि शेवटी बॉडी.

आल्फा ६००० ची वैगुण्ये लपविण्यात अर्थ नाही. व्ह्यूफाइंडरमधून पाहून एका बॅटरीवर सुमारे ३१० चित्रे निघतात. जोडीला दुसरी बॅटरी हवीच. पावसापाण्यापासून संरक्षण नाही, तेव्हा मिरवणुकीत सर आली तर पिशवी जवळ असावी. व्ह्यूफाइंडर साधारण प्रतीचा आहे. आणि हेही प्रांजळपणे सांगतो, की उजेडात स्थिर माणसांची चित्रे काढण्यापलीकडे ज्याला काही नको, त्याने खिशातल्या फोनवर समाधान मानावे. त्यात त्याचे काहीही अडणार नाही.

दुकानात गेल्यावर आकडे वाचीत बसू नये. चष्मा असेल तर तो लावूनच कॅमेरा डोळ्याला लावावा. दारात उभे राहून समोरून येणाऱ्या सायकलवर सतत फोकस ठेवण्याचा हुकूम कॅमेऱ्याला द्यावा आणि दहा-वीस चित्रे घ्यावीत. नंतर दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कोणाला तरी हात हलवावयास सांगून पुन्हा घ्यावीत. ती मोठी करून पाहावीत, आणि धड आलेली मोजावीत. एकूण किती निघाली यापेक्षा धड किती आली हा आकडा खरा. किंमत विचारतानाही बॉडी, लेन्स, कार्ड आणि दुसरी बॅटरी यांची एकत्र विचारावी.

यात एवढे काय अडले आहे, असे कोणी विचारील. अमेरिकेत लुईस हाइन नावाचा एक शाळामास्तर १९०८ सालापासून बालमजुरीविरोधी समितीसाठी गिरण्यांतून आणि खाणींतून हिंडला. जड कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि भडका उडविणारी पूड एवढीच त्याची सामग्री. एका वेळी एकच चित्र. तरी यंत्रापुढे उभ्या असलेल्या त्या पोरांची चित्रे पाहिल्यावर, बालमजुरी नाहीच असे म्हणणे अवघड झाले. आपले कष्ट आणि आपले खेळ आपल्याच माणसाने टिपून ठेवावेत, ही गोष्ट आज पगारदाराच्या आवाक्यात आली आहे. ती जाहिरातीतील एका आकड्यापायी पुन्हा आवाक्याबाहेर जाऊ देऊ नये, एवढीच विनंती.