पोटाच्या तक्रारीवर ‘मनाची’ गोळी कशासाठी?

चार घास खाल्ले की पोट गच्च होतं, बेंबीच्या वर दुखतं. एंडोस्कोपीत मात्र काहीच सापडत नाही. या विकाराचं नाव फंक्शनल डिस्पेप्सिया. त्यासाठी डॉक्टर कधी कधी सेरोटोनिनशी संबंधित औषध देतात. ती ‘डोक्याची गोळी’ आहे असं कळलं की काही रुग्ण ती घेतच नाहीत. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे.

गैरसमज : सेरोटोनिन म्हणजे मेंदूतलं रसायन.
वस्तुस्थिती : शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असतं. इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी १९३०च्या दशकात ते पचनमार्गाच्या पेशींतच शोधलं. मेंदूत ते असल्याचं १९५३मध्ये प्रसिद्ध झालं.

गैरसमज : तपासण्या नॉर्मल, म्हणजे दुखणं मनाचं.
वस्तुस्थिती : आपण जेवू लागलो की जठराचा वरचा भाग सैलावतो आणि अन्नाला जागा करून देतो. काही रुग्णांत हे सैलावणं अपुरं पडतं, म्हणून लवकर पोट भरतं. काहींच्या जठराच्या संवेदना तीव्र झालेल्या असतात; इतरांना जाणवणारही नाही एवढा ताण त्यांना दुखतो. एंडोस्कोपीत यातलं काहीच दिसत नाही, पण त्रास खराच असतो.

गैरसमज : सेरोटोनिनची सगळी औषधं सारखीच.
वस्तुस्थिती : सेरोटोनिनचे रिसेप्टर अनेक प्रकारचे आहेत. चिंतेवरचं बुस्पिरोन त्यांतल्या एका प्रकाराला चालना देऊन जठर सैल करतं. २०१२च्या एका छोट्या चाचणीत त्याने लवकर पोट भरण्याचा त्रास कमी झाला. ऑन्डान्सेट्रॉन दुसराच प्रकार अडवतं आणि उलटी थांबवतं. २०१५च्या मोठ्या चाचणीत एस्सिटालोप्रॅम औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. अमिट्रिप्टिलिनचा मात्र वेदना हीच मुख्य तक्रार असलेल्यांना फायदा झाला. म्हणून जठर सैलावत नाही की ते हळवं झालंय, हा प्रश्न महत्त्वाचा.

गैरसमज : पोटाचंच औषध, मेडिकलमधून आणलं तरी चालेल.
वस्तुस्थिती : पचनासाठी वापरलं जाणारं, सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर काम करणारं सिसाप्राइड हृदयाचे ठोके बिघडवतं, म्हणून भारतात २०११मध्ये त्यावर बंदी आली. सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधं एकत्र घेणं जिवावर बेतू शकतं. चालू गोळी मनाने बंदही करू नका.

वजन घटणं, काळी शौच, गिळताना अडकणं किंवा सतत उलट्या असतील, तर आधी तपासणी करून घ्या. तपासणीनंतर अशी गोळी मिळाली, तर ती आपल्या कोणत्या तक्रारीसाठी आहे हे डॉक्टरांना विचारा आणि निःसंकोचपणे घ्या.