वरिष्ठांचा जाच आणि सैनिकाचे मन

सैनिकाला शत्रूपेक्षा आपल्याच अधिकाऱ्याची धास्ती वाटू लागली, तर तुकडीचे काय होते? २०१० मध्ये इराकमधील अमेरिकी सैनिकांच्या आत्महत्यांचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ डेव्ह मात्सुदा यांनी केला. आत्महत्येला एकच कारण क्वचितच असते. या सैनिकांनाही घरगुती अडचणी होत्याच. पण त्यांचे जगणे नकोसे करणारे वरिष्ठही आढळले.

कडक शिस्त म्हणजे जाच नव्हे. कडक अधिकारी चूक दाखवतो, शिकवतो आणि अडचणीत पाठीशी उभा राहतो. जाचक अधिकारी चारचौघांत अपमान करतो, श्रेय स्वतः घेतो आणि खापर हाताखालच्यांवर फोडतो. सततच्या धास्तीमुळे शरीरातील ताण उतरतच नाही. झोप उडते, चिडचिड वाढते, लक्ष लागत नाही. भीतीपोटी चुका लपवल्या जातात. शस्त्रे हाताळणाऱ्या तुकडीत हे जिवावर बेतू शकते.

असे अधिकारी टिकतात, कारण वरच्यांना फक्त कामाचा निकाल दिसतो. म्हणूनच अमेरिकी लष्कराने २०२० मध्ये बटालियन प्रमुख निवडताना सहकाऱ्यांचे आणि हाताखालच्यांचेही मत विचारात घ्यायला सुरुवात केली.

त्रास सोसणाऱ्याने एकटे पडू नये. घडलेले प्रसंग तारखेनिशी लिहून ठेवावेत, विश्वासू सहकाऱ्याशी बोलावे, तक्रारीचा अधिकृत मार्ग वापरावा. झोप बरेच दिवस बिघडली, तर डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा वाटू लागला, तर थांबू नये. भारतात ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत मदत मिळते.