लोणार: दैत्याची कथा, लघुग्रहाचा घाव

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर लघुग्रहाच्या आघाताने पडलेल्या विवरात साठलेले आहे. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, तर खोली दीडशे मीटरच्या आसपास. पाणी खारट आणि अल्कधर्मी. जून 2020 मध्ये ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला.

गावाची कथा मात्र लवणासुराची. हा दैत्य जमिनीखालच्या विवरात दडून बसे. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेऊन त्याच्या बहिणींना भुलवले, ठावठिकाणा काढला, पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला. झाकण दूर जाऊन पडले, त्याची टेकडी झाली. या विष्णूचे, म्हणजे दैत्यसूदनाचे, हेमाडपंती मंदिर गावात आहे. बाहेरच्या भिंतींवर दाटीने कोरलेल्या मूर्ती, आत काळोख. छताकडे नीट पाहिले की वधाचा प्रसंग दिसू लागतो.

शास्त्रालाही उत्तर लवकर सापडले नाही. दख्खनचा काळा पाषाण लाव्हाचा, तेव्हा विवरही ज्वालामुखीचेच, असे पुष्कळ काळ मानले गेले. तळातून छिद्रण करून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट आढळले आणि 1973 मध्ये आघाताचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रचंड दाबाच्या धक्क्याने फेल्डस्पार न वितळताच काचरूप होतो, तेच हे द्रव्य. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही. बसाल्टातील असे विवर पृथ्वीवर दुर्मीळ असल्याने चंद्र आणि मंगळाच्या अभ्यासकांना लोणार मोलाचे वाटते. वयाबद्दल मात्र मतभेद आहेत: एका मापनानुसार सुमारे 52 हजार वर्षे, दुसऱ्यानुसार 5 लाख 70 हजार.

असा आघात आता टाळता येईल का? त्यासाठी लघुग्रह आधी दिसावा लागतो. 2013 मध्ये रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे 20 मीटरचा खडक सूर्याच्या दिशेने आला आणि कोणालाच दिसला नाही. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची लडाखमधील हानले येथील दुर्बीण अशा पाहुण्यांचा माग काढते. कक्षा वर्षानुवर्षे आधी कळली, तर वेगातील किंचित बदलही पुरतो. 26 सप्टेंबर 2022 रोजी नासाचे डार्ट यान डायमॉर्फस या सुमारे 160 मीटरच्या लघुग्रहावर आदळले आणि त्याचा मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीचा प्रदक्षिणाकाळ सुमारे 33 मिनिटांनी घटला.

लोणारच्या काठावरील पुराव्याची निगा मात्र बेताचीच. आघाताने उसळलेला राडारोडा विवराभोवती किलोमीटरभराहून दूर पसरला आहे. त्यावरच गाव आणि शेती असल्याने पाये खोदताना, नांगरताना तो विस्कटतो. उतारांवर वेडी बाभूळ माजली आहे, काठची देवळे ढासळत आहेत. अभयारण्य आणि रामसर या दर्जांचा भर पाण्यावर व जिवांवर आहे. विवराबाहेरच्या या थरालाही तितक्याच जपणुकीची गरज आहे.