जर्मन गणवेशातले हिंदी जवान

आपल्या मंठ्यात पंधरा ऑगस्ट, सतरा सप्टेंबर आणि सव्वीस जानेवारी या तिन्ही दिवशी झेंडावंदन होते आणि भाषणांचा शेवट 'जय हिंद'ने होतो. ही घोषणा कुठून आली, असे मी वर्गात विचारत असे. मुले म्हणत, नेताजींकडून. उत्तर बरोबरच होते. पण ती पहिल्यांदा रुजली जर्मनीत, जर्मन लष्कराचा गणवेश घातलेल्या हिंदी जवानांमध्ये, हे ऐकले की मुले चकित होत. ती रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते आबिद हसन हैदराबादचे. म्हणजे आपले मंठा गाव ज्या निजामी राज्यात होते, त्याच्याच राजधानीचे.

मग एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारायचा, "सर, म्हणजे हे लोक हिटलरच्या बाजूचे होते का?" प्रश्न अगदी सरळ आहे. उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढणारे परदेशी थोडेथोडके नव्हते. स्पेनची 'निळी डिव्हिजन' १९४१ मध्ये रशियाच्या आघाडीवर गेली. डच, बेल्जियन, नॉर्वेजियन, फ्रेंच तरुण भरती झाले. लाटव्हिया, बोस्निया, युक्रेन इथल्या लोकांची पथके उभी राहिली. कुणाला साम्यवादाचा राग होता, कुणाला नाझी विचारांची ओढ होती, कुणावर सक्ती झाली, तर कुणी कैदी छावणीतली उपासमार टाळण्यासाठी गेला. हिंदी पथकामागचे कारण निराळे होते. त्यांचा शत्रू इंग्रज होता.

सुभाषबाबू जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्याच्या नजरकैदेतून निसटले आणि काबूल, मॉस्कोमार्गे २ एप्रिल रोजी बर्लिनला पोहोचले. त्याच महिन्यात उत्तर आफ्रिकेत मेचिली इथे रोमेलच्या सैन्याने ब्रिटिशांकडून लढणारे शेकडो हिंदी जवान पकडले. पुढे जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले, तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटणही शत्रूच्या हाती सापडली. म्हणजे आपल्या सातारा-कोकणाकडची माणसे इटली आणि जर्मनीच्या तुरुंगछावण्यांत होती.

बर्लिनमध्ये नोव्हेंबर १९४१ मध्ये 'आझाद हिंद केंद्रा'चे काम रीतसर सुरू झाले. त्यात काही मोजकीच हिंदी माणसे होती. एन. जी. गणपुले हे मराठी गृहस्थही त्यांच्यात होते. त्यांनी १९५९ मध्ये नेताजींच्या जर्मनीतील दिवसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. केंद्रापुढचे मुख्य काम होते, कैद्यांमधून स्वतंत्र हिंदी फौज उभी करण्याचे.

हे काम सोपे नव्हते. नेताजी स्वतः आनाबुर्गच्या छावणीत कैद्यांपुढे बोलले, तेव्हा पहिले स्वागत थंडच झाले. त्या शिपायाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखायचे, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेले. गावी घरच्यांना पगारातून पैसे जाताहेत, पुढे पेन्शनची आशा आहे. बाजू बदलली आणि इंग्रज जिंकला, तर हे सगळे जाणार. दुसरीकडे देश पारतंत्र्यात आहे आणि देशाचा एवढा मोठा नेता समोर उभा राहून हाक देतो आहे. शेवटी सुमारे तीन हजार जवान फौजेत आले. त्याहून कितीतरी जास्त कैदी आले नाहीत. दोघांनाही आपले इमान होते, एवढे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

जर्मन लष्कराच्या कागदोपत्री ही ९५० क्रमांकाची पायदळ रेजिमेंट. कोनिग्सब्रुकच्या छावणीत तिचे शिक्षण झाले. बाहीवर तिरंगा आणि त्यावर झेपावणारा वाघ. इंग्रजी फौजेत शीख, डोगरा, मराठा अशा जातवार तुकड्या असत. इथे सगळे धर्म आणि प्रांत एकाच तुकडीत मिसळले. मग एकमेकांना भेटताना म्हणायचे काय? कुणाचा रामराम, कुणाचा सलाम, कुणाचे सत् श्री अकाल. सगळ्यांना चालेल असा एक शब्द हवा होता, आणि त्यातून 'जय हिंद' आले.

आता दुसरी बाजू. या जवानांच्या शपथेत नेताजींचे नाव होते, तसे हिटलरचेही होते. याच राजवटीने त्या काळात लाखो ज्यूंचा संहार चालवला होता. मे १९४२ मध्ये नेताजी हिटलरला भेटले, पण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याला पाठिंब्याची जाहीर घोषणा काही त्यांना मिळाली नाही. जर्मन सैन्य रशियातून हिंदुस्थानच्या सीमेकडे सरकेल, ही आशा स्टालिनग्राडला संपली. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी आबिद हसन यांना बरोबर घेऊन पाणबुडीतून पूर्वेकडे निघाले. फौज मागे राहिली.

त्यानंतर तिची परवड झाली. तिला हॉलंडला हलवले, तेव्हा काहींनी हुकूम नाकारला आणि शिक्षा भोगली. मग फ्रान्सचा समुद्रकिनारा. ऑगस्ट १९४४ मध्ये तिला एसएसच्या ताब्यात दिले गेले. माघार घेताना फ्रेंच क्रांतिकारकांशी तिच्या चकमकी झाल्या आणि फ्रेंच गावकऱ्यांवर अत्याचार केल्याचे आरोपही तिच्यावर झाले. ज्या इंग्रजाशी लढायचे, तो राहिला बाजूला. अखेरीस स्वित्झर्लंडकडे निघालेले हे जवान पकडले गेले आणि इंग्रजांच्या हवाली झाले.

याच सुमारास, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत नाईक यशवंत घाडगे जर्मनांशी एकाकी लढताना धारातीर्थी पडले. ते मराठा लाइट इन्फंट्रीचेच. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावात त्यांचा पुतळा उभा आहे. एकाच देशाची माणसे त्या उन्हाळ्यात युरोपात दोन विरुद्ध गणवेशांत उभी होती, आणि दोन्ही गणवेश परक्यांचेच होते.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी सांगत असे, की ते हिटलरसाठी गेले नव्हते, पण हिटलरच्या सैन्यात होते. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि त्यातले एक गाळले तर इतिहास खोटा होतो. पारतंत्र्याचे एक दुखणे असेही असते, की स्वातंत्र्यासाठी लढायलाही दुसऱ्याची बंदूक आणि दुसऱ्याची शपथ घ्यावी लागते.

फौजेतल्या बहुतेकांना परत आल्यावर नोकरी गमवावी लागली. त्यांची नावे फारशी कुठे लिहिली गेली नाहीत. तुमच्या घरात, नात्यात आजोबा-पणजोबांच्या काळातली लष्करी कागदपत्रे, पत्रे, फोटो असतील, तर रद्दीत टाकू नका. ते आफ्रिकेत कैद झाले होते का, कोणत्या छावणीत होते, हे जाणत्यांना विचारून लिहून ठेवा. ते कोणत्या बाजूला होते, हा प्रश्न त्यानंतरचा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)